मानद

अमळनेर, धुळे रोड. बॅटरीच्या दुकानावरची खोली.
खाली इन्व्हर्टर चार्जिंगला लावलेले,
वर मी, आणि अहिराणी शब्दांचा कोश,
अकरा हजार चारशे शब्द,
आणि एक तक्रार:
‘माले काहीच दिसत नई.’

सुपडू महाले. पारोळा डेपो. कंडक्टर, निवृत्त.
सहाशे बारा शब्द दिलेत त्यांनी या कोशाला,
तिकिटांच्या कोऱ्या पाठीवर लिहून,
रबरबँड लावून, मार्गाप्रमाणे.
कुठला शब्द कुठल्या थांब्यावर चढला, तेसुद्धा.
आणि आता स्वतःचाच शब्द उघडला की
पांढरं पान, मधोमध एक ओळ:
हे पान पाहण्याचा अधिकार आपल्याला नाही.

मी उघडलं. मला दिसलं.
पुन्हा उघडलं. दिसलं.
त्यांना म्हटलं, ब्राउझर बंद करून उघडा,
पासवर्ड नवा टाका, फोन बंद-चालू करा.
त्यांनी सगळं केलं,
आयुष्यभर डेपोचं ऐकलेल्या माणसाच्या निमूटपणानं.
मग म्हणाले,
‘तुले दिसस. मंग माले का बरं नई?’

दोन दिवस परवानग्यांचा तक्ता वाचला.
वाचकानं पाहायचं.
शब्ददात्यानं पाहायचं, लिहायचं, आपलं ते बदलायचं.
तपासनीसानं दुसऱ्यांचंही.
खुणा जागच्या जागी होत्या,
जुन्या हजेरीपटावर असतात तशा, तिरप्या, निर्विवाद.

तिसऱ्या दुपारी कूलरमधलं पाणी संपलं
आणि लक्षात आलं:
मी दर वेळी माझ्याच किल्लीनं उघडून बघत होते.
प्रशासकाला बंद दार सापडतच नाही.
मला सगळं दिसत होतं,
म्हणून बिघाड दिसत नव्हता.

तेव्हा त्यांच्या नावानं आत शिरले.
डावीकडची यादी आक्रसली, बटणं गेली,
आणि माझंच वाक्य माझ्यासमोर आलं.
त्यातला ‘आपल्याला’
मी आदरानं घातला होता.

फोन लावला. ते थोडा वेळ गप्प.
मागे कुणीतरी भांडी घासत होतं.
‘आंडेर, एक सांग.
एका मानूसजोडे दोन पास ऱ्हायनात,
एक चालू, एक कोरा,
तं तुन्हं मशीन कोनता धरी?’

शेवटी दिलेला.
मशीन शेवटी दिलेला धरतं.

त्यांचं खातं उलगडलं. शब्ददाता,
आणि त्याखाली, जानेवारीत, मीच चिकटवलेलं:
मानद सदस्य.
शाळेच्या सभागृहात शाल दिली होती, नारळ दिला होता,
माईक मधेच खरखरला होता,
आणि मी मागच्या बाकावर लॅपटॉप मांडीवर घेऊन
घाईघाईत एक नवी भूमिका बनवली होती,
नावापुढे सोनेरी चांदणी दिली होती,
परवानगीचा एकही रकाना भरला नव्हता.

सत्तावीस जण मानद.
सत्तावीस जण पाच महिने बाहेर.
सव्वीस जणांनी कळवलंसुद्धा नाही.

रकाने भरले. साठलेली जुनी पानं पुसून टाकली.
म्हटलं, काका, आता बघा.

त्यांचा श्वास ऐकू येत होता,
बोट काचेवर टेकल्याचा आवाजही, बहुतेक.
मग ते मोठ्यानं वाचू लागले,
उतारूंना थांबा सांगावा तसं:
‘आंडेर. मुलगी.
वापर: आंडेरले खिडकीजोडे बसाडा.
थांबा: कासोदा फाटा.’

‘दिसनं,’ म्हणाले.

मी लॅपटॉप मिटायला घेतला.

‘पन यामा एक चूक शे.
अन् ती सुधारानं बटन
माले दिसत नई.’